विहिरीच्या पाण्याला पेट्रोलचा वास: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

नर्मदेचे पाणी जलूदहून सुमारे ७० किलोमीटर चढवून इंदुरात आणले जाते, तरी वाड्यातली विहीर आणि कॉलनीतली बोरिंग काही सुटलेली नाही. जमिनीखालच्या टाकीतून पेट्रोल किंवा डिझेल झिरपले आणि पाण्यात उतरले तर काय करायचे, या विषयावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

आमच्या ४५ फुटी विहिरीच्या पाण्याला उन्हाळ्यापासून रॉकेलसारखा वास येतो. दोन गल्ल्या सोडून पेट्रोल पंप आहे. प्यायला नर्मदेचे पाणी वापरतो, पण धुणीभांडी आणि अंघोळ विहिरीवरच. पाणी उकळून किंवा आरओतून काढून घेतले तर चालेल का? (एक गृहिणी, इंदूर)

उकळू तर मुळीच नका. पेट्रोलमधला सर्वांत काळजीचा घटक बेंझीन. तो ८० अंशांना उकळतो, म्हणजे पाणी तापवले की तो निघून जातो हे खरे, पण जातो तो बंद स्वयंपाकघराच्या हवेत आणि तिथून तुमच्या छातीत. बंद न्हाणीघरात गरम पाण्याने अंघोळ केली तरी तेच. म्हणून पिणे, स्वयंपाक आणि अंघोळ या तिन्हींसाठी हे पाणी आजपासून बंद करा.

आरओचा पडदा क्षार अडवतो. बेंझीनचा रेणू लहान, त्यावर विद्युतभार नाही, त्यामुळे त्यातला बराचसा पडद्यातून पार होतो. थोडाफार अडतो तो आधीच्या कोळशाच्या नळकांड्यात. ते नळकांडे एवढेसे, आणि ते भरले हे घरात कुणाला कळत नाही. यूव्ही दिवा, तुरटी, ब्लीचिंग पावडर यांचा इथे काडीचा उपयोग नाही.

नाकावरही फार विसंबू नका. जागतिक आरोग्य संघटनेची बेंझीनची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे आणि इतक्या कमी बेंझीनचा वास माणसाला येत नाही. तुम्हाला येतो तो टोल्युईन, झायलीन वगैरे सोबत्यांचा. वास आला म्हणजे गडबड नक्की. वास गेला म्हणजे पाणी शुद्ध झाले असे नाही. प्रमाणाचा अंदाज यावा म्हणून एक हिशोब पाहा. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये बेंझीन जास्तीत जास्त १ टक्का असू शकते. एक लिटर पेट्रोलमध्ये ते १० मिलीलिटर, म्हणजे सुमारे ८.८ ग्रॅम झाले. सगळे विरघळले तर साधारण ८ लाख ८० हजार लिटर पाणी मर्यादेच्या काठावर नेऊन ठेवायला तेवढे पुरते.

आणखी दोन गोष्टी आजच्या आज. "विहीर एकदा उपसून काढा" असा सल्ला शेजारीपाजारी देतील, तो ऐकू नका. उपसा वाढला की पंपाकडचे दूषित पाणी तुमच्याच विहिरीकडे अधिक जोराने ओढले जाते. दुसरे म्हणजे विहिरीत कुणाला उतरू देऊ नका. जुनी माणसे हवा तपासायला दोरीने पेटता कंदील सोडत. इथे ते प्राणावर बेतेल. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिपटी-चौपटीने जड असते, ती विहिरीत साचून बसते आणि हवेत तिचे प्रमाण साधारण १.४ ते ७.६ टक्क्यांच्या दरम्यान असले की ठिणगीला भडकते. विहिरीतल्या मोटारीचा स्विचही त्यातच आला.

पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसतो. तो पेट्रोलचाच का?

काडीने तवंग मोडून पाहा. फुटलेल्या काचेसारखे तुकडे झाले आणि ते वेगवेगळेच तरंगत राहिले, तर ते लोहजिवाणूंचे काम. तवंग लगेच पुन्हा जुळून आला तर तेल. दोन्ही एकाच विहिरीत असू शकतात, कारण तेल कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो, खडकातले लोह विरघळते आणि लोहजिवाणूंचे फावते.

तपासणीसाठी पाणी कसे घ्यावे? मिनरल वॉटरच्या बाटलीत भरून दिले तर प्रयोगशाळेने "आढळले नाही" असा अहवाल दिला. वास मात्र येतोच आहे. (सोसायटीचे सचिव)

अहवाल खोटा नसेल, नमुना वाया गेला होता. बेंझीन प्लास्टिकमध्ये मुरते आणि बाटलीत वर राहिलेल्या हवेत उडून जाते.

प्रयोगशाळेकडून ४० मिलीलिटरच्या काचेच्या कुप्या मागून घ्या. झाकणात टेफ्लॉन चढवलेली चकती हवी. कुपीत आम्लाचे काही थेंब आधीच घातलेले असतात, म्हणून ती विसळायची नाही. कुपी तिरकी धरून पाणी काठाने हळू सोडा, तोंडावर पाण्याचा फुगीर घुमट आला की झाकण लावा, उलटी करून बोटाने ठोका. बुडबुडा दिसला तर ती टाकून नवी भरा. आपल्याकडे इथे हमखास एक अडचण येते. बेसॉल्टमधले पाणी बायकार्बोनेटचे, आम्ल लागताच फसफसते आणि बुडबुडे आपोआप तयार होतात. अशा वेळी बिनआम्लाच्या कुप्या वापरायच्या. आम्ल असेल तर नमुना १४ दिवस टिकतो, नसेल तर ७. दोन्ही ४ अंशांवर, बर्फात.

पाणी कुठून घ्यायचे हे तितकेच महत्त्वाचे. गच्चीच्या टाकीतले कधीच नाही. टाकीत पडता पडताच निम्मा माल उडालेला असतो. बोरिंग असेल तर मोटारीला सर्वांत जवळची तोटी धरा, तिची जाळी काढा, पाण्याचे तापमान आणि विद्युतवाहकता स्थिर होईपर्यंत पाणी सोडा आणि मग बारीक धारेने कुपी भरा. उघड्या विहिरीत वरच्या पाण्यातले बेंझीन हवेत गेलेले असते, म्हणून बंद तोंडाचे भांडे तळाजवळ नेऊन तिथे उघडावे. तवंगाचा नमुना वेगळा.

भूजलावर नजर ठेवायला मुद्दाम बांधलेली निरीक्षण नळी (निरीक्षण विहीर) असेल तर तिच्यातले शिळे पाणी आधी काढावे लागते. २ इंची नळीत दर मीटरला साधारण २ लिटर पाणी असते. ६ मीटर पाणी उभे असेल तर १२ लिटर, त्याच्या तिप्पट म्हणजे ३६ लिटर काढा. दुसरी आणि अधिक चांगली रीत म्हणजे मिनिटाला १०० ते ५०० मिलीलिटर इतक्या सावकाश पंपाने ओढत राहायचे आणि लागोपाठ तीन वाचनांत सामू ०.१ च्या आत, वाहकता ३ टक्क्यांच्या आत स्थिरावली की नमुना घ्यायचा. काढलेले पाणी ड्रममध्ये ठेवा, नाल्यात नको. इंदूरचा नाला म्हणजे शेवटी कान्ह नदी.

हातात नायट्राइलचे मोजे हवेत. त्या दिवशी वाटेत गाडीत पेट्रोल भरू नका, नमुने स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. प्रयोगशाळेने भरून दिलेली शुद्ध पाण्याची एक बंद कुपी सोबत न्यायची आणि तशीच परत द्यायची. तिच्यात बेंझीन निघाले तर दोष प्रवासाचा, विहिरीचा नाही.

सल्लागाराने तीन बोरिंगा सुचवल्या आहेत: प्रत्येकी २०० फूट, २० फूट केसिंग (भोकाला आतून बसवायची बंद नळी). योग्य आहे का? (तेच सचिव)

नाही. याने नुकसान होण्याचीच शक्यता अधिक.

माळव्यात वरून खाली काय लागते ते बोरिंगवाल्याला विचारा: काळी माती, पिवळट माती, मुरूम, मग सच्छिद्र मांजऱ्या, त्याखाली घट्ट काळा पाषाण, मध्ये कुठे तांबड्या मातीचा पातळ थर, आणि पुन्हा हाच क्रम. पाणी मुरमात, मांजऱ्यात आणि पाषाणाच्या भेगांत. पेट्रोल पाण्यापेक्षा हलके (घनता ०.७४ च्या आसपास), म्हणून त्याचा थर पाण्याच्या पातळीवर तरंगतो. २० फूट केसिंग आणि खाली १८० फूट उघडे भोक पाडले की वरच्या थरातले दूषित पाणी खालच्या स्वच्छ भेगांत उतरायला तुम्ही स्वतः नळ बसवून दिला. शिवाय नमुना येतो तो सगळ्या भेगांच्या मिसळणीचा. वर विष असले तरी आकडा सौम्य दिसणार.

निरीक्षण विहीर पाण्याच्या पातळीवर बसवायची असते आणि ही पातळी आपल्याकडे वर्षभर एका जागी नसते. समजा, मे महिन्यात पाणी १४ मीटरवर आणि ऑक्टोबरात ५ मीटरवर आहे. एकच जाळीदार नळी ४ पासून १७ मीटरपर्यंत घातली तर ती फार लांब होते आणि मिसळण पुन्हा आलीच. शेजारी शेजारी दोन नळ्या बऱ्या: एकीची जाळी ४ ते १० मीटर, दुसरीची ९ ते १७. खर्च वाढतो, पण इथे काटकसर केलेली पुढे अंगाशी येते.

भोक ६ इंची, नळी २ इंची पीव्हीसी, तरंगता थर उपसायचा असेल तर ४ इंची. जाळीच्या फटी ०.५ मिलिमीटर, भोवती १ ते २ मिलिमीटरची धुतलेली गारगोटीची वाळू, जाळीच्या वर ६० सेंटिमीटरपर्यंत. त्यावर किमान ६० सेंटिमीटर बेंटोनाइटची चिकणमाती, ती पाण्याने फुगू द्या, मग जमिनीपर्यंत सिमेंट-बेंटोनाइटचा गारा आणि वर कुलूपबंद टोपण. नळ्या आट्यांच्याच घ्या. प्लंबर सवयीने सोल्युशन लावतो. त्यातले द्रावक पुढे कित्येक महिने नमुन्यात उतरत राहते. हवेच्या दाबाने खोदणाऱ्या गाडीच्या कॉम्प्रेसरचे तेलही हवेबरोबर भोकात जाते आणि अहवालात डिझेल म्हणून दिसते. गाडीवाल्याकडून हवेचा फिल्टर लावून घ्या, खोदणाऱ्या हातोड्याला खनिज तेल घालू देऊ नका. खोदल्यावर नळी उपसून स्वच्छ करा आणि पहिल्या नमुन्यापूर्वी आठवडाभर थांबा.

जागा कमीत कमी चार: गळतीच्या वरच्या अंगाला (जिकडून भूजल येते तिकडे) एक, उगमाजवळ एक, खालच्या अंगाला दोन. प्रत्येक नळीच्या तोंडाची उंची लेव्हल लावून मिलिमीटरपर्यंत मोजून घ्या, कारण पाणी कुठे चालले आहे हे निदान तीन नळ्यांतल्या पातळ्यांवरून काढायचे असते. नळीत तेलाचा थर असेल तर दाबाने पाणी खाली ढकललेले असते. थराची जाडी गुणिले घनता इतकी उंची पातळीत मिळवायची. थर ३० सेंटिमीटर असेल तर साधारण २२ सेंटिमीटर. हे विसरले की नकाशावरचा प्रवाहाचा बाण उलट्या दिशेला जातो. आणि नळीतला ३० सेंटिमीटर थर म्हणजे खडकातही ३० असे समजू नका; नळीत तो फुगून दिसतो.

शहराचा उतार साधारण उत्तरेकडे, कान्हही तिकडेच वाहते. पण कोपऱ्यावरच्या हॉस्टेलची बोरिंग दिवसाला सोळा तास चालत असेल तर पाणी उताराला जुमानत नाही. भेगा ज्या दिशेने, प्रदूषण त्या दिशेने. वेगाचा ढोबळ अंदाज असा: खडकाची पारगम्यता दिवसाला १ मीटर, पाण्याचा उतार हजारी ५, पाणी वाहणारी पोकळी २ टक्के धरली तर १ × ०.००५ ÷ ०.०२, म्हणजे दिवसाला पाव मीटर, वर्षाला सुमारे ९० मीटर. एखाद्या मोकळ्या भेगेत याच्या कित्येक पट.

पंपावर रोज थोडे पेट्रोल कमी भरते. गळती समजावी का? (एक पंपमालक)

एका दिवसाच्या तुटीवरून काही सांगता येत नाही. पेट्रोल दर अंशाला हजारी एकाच्या जरासे खाली आकसते. टँकरमधून आलेले १०,००० लिटर पेट्रोल टाकीत ५ अंशांनी निवले तरी ४७-४८ लिटर "गायब" होतात. रोज एकाच वेळी, विक्री थांबवून, डिप घ्या (म्हणजे पट्टी टाकीत सोडून पातळी मोजा), तापमान आणि घनता लिहा आणि ३० दिवसांची बेरीज पाहा. हवामानाची तूट कधी उणे कधी अधिक होते, गळतीची एकाच बाजूला साचत जाते. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ४ लिटरच्या वर आणि महिन्याला सुमारे १३०.

पावसाळ्यात टाकीत पाणी चढत असेल तर हे मोठे लक्षण. भोक भूजलपातळीच्या खाली गेले की टाकी पाणी पिते, उन्हाळ्यात त्याच भोकातून पेट्रोल सोडते. इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये तळाशी निव्वळ पाणी बसत नाही, इथेनॉल आणि पाण्याचे मिश्रण बसते, आणि डिपपट्टीवरची साधी वॉटर पेस्ट (पाणी लागले की रंग बदलणारा लेप) त्याला नीट रंग देत नाही. मिश्रित पेट्रोलसाठीची पेस्ट वेगळी मिळते, तीच वापरा. टाकीइतकाच संशय पाइपांच्या सांध्यांवर घ्या.

मे महिन्यात निरीक्षण विहिरीत बोटभर पेट्रोल तरंगत होते. सप्टेंबरात एक थेंब नाही. कंपनीचा माणूस म्हणतो, पावसाने धुऊन गेले. आता मोजमाप थांबवायचे का?

धुऊन गेले नाही, बुडाले. पाणी वर चढताना तरंगता थरही वर ढकलला जातो, पण बरेचसे पेट्रोल खडकाच्या छिद्रांत चिकटून मागे राहते आणि पाण्याखाली अडकते. नळीत यायला ते मोकळे नसते. पुढच्या मे महिन्यात पातळी उतरली की ते सुटते आणि थर पुन्हा दिसतो. दर वर्षीच्या चढउताराने ५ ते १४ मीटरमधला सगळा खडक असा माखला जातो. विरघळलेले बेंझीन नेमके याच काळात वाढू शकते, कारण आता पेट्रोल चारही बाजूंनी पाण्यात आहे. त्या माणसाला सप्टेंबरचा तवंग नव्हे, सप्टेंबरच्या पाण्याचा अहवाल मागा.

काळ्या मातीचाही वाटा आहे. उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात, सांडलेले तेल सरळ मुरमात उतरते. पाऊस पडला की माती फुगून भेगा मिटतात, वाफेला वर वाट राहत नाही, ती आडवी सरकते आणि एखाद्या तळघरात निघते. श्रावणात तळघरात वास आला तर दिवा लावण्यापूर्वी दारे उघडा.

स्वच्छ कसे करायचे? एक जण जिवाणूंची पावडर विकतो, दुसरा पंपाने पाणी उपसून गाळायचे म्हणतो.

क्रम बदलता येत नाही: आधी गळती बंद, मग तरंगता थर काढणे, मग मातीतली वाफ, शेवटी विरघळलेला भाग. टाकी गळत असताना पाणी गाळणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरणे.

थर काढायला स्किमर, म्हणजे वरचे तेल तेवढे ओढणारे यंत्र, लावतात. थर पातळ असेल तर बेलर, म्हणजे झडपेची लांब नळी, दोरीने सोडून दर आठवड्याला हाताने काढले तरी चालते. विहिरीत साबण किंवा डिटर्जंट सोडण्याचा उपाय कुणी सुचवला तर हात जोडा. तेल पाण्यात कालवले जाते आणि मग ते कशानेच वेगळे होत नाही.

मातीतली वाफ निर्वात पंपाने ओढतात. ओल्या काळ्या मातीतून हवा जात नाही, म्हणून हे काम मुरमात आणि मुख्यतः फेब्रुवारी ते जून या कोरड्या महिन्यांत. पाण्याखाली हवा फुंकण्याची पद्धत वाळूत चांगली चालते. आपल्या भेगाळ खडकात हवा स्वतःची वाट शोधते आणि वाफ भलत्याच घरात नेते. वर ओढणारा पंप नसेल तर हे करूच नये.

उपसून गाळण्याच्या पद्धतीत पाणी आधी तेल वेगळे करणाऱ्या टाकीत, मग हवा फुंकून बेंझीन उडवणाऱ्या मनोऱ्यात आणि शेवटी सक्रिय कोळशाच्या दोन पिंपांतून एकापाठोपाठ जाते. कोळशाशी पाण्याचा सहवास १० ते १५ मिनिटे हवा: मिनिटाला १० लिटर पाणी असेल तर प्रत्येक पिंपात १०० ते १५० लिटर कोळसा. नमुना दोन पिंपांच्या मधून घ्यायचा. तिथे बेंझीन दिसले की पहिल्यातला कोळसा काढायचा, दुसरे पिंप पहिल्या जागी आणायचे, नवे मागे लावायचे. आपल्याकडे यंत्रणा बंद पडते ती बहुधा बेंझीनने नव्हे, चुन्याने आणि लोहाने. मनोऱ्यात पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडाला की चुना बसतो, हवा लागली की लोह तांबडे होऊन कोळशावर चढते. आधी लोह काढणारी टाकी आणि मनोरा ठरावीक दिवसांनी आम्लाने धुण्याची सोय निविदेत आहे का ते पाहा.

आता पावडर. बेंझीन खाणारे जिवाणू जमिनीत आधीच असतात. वानवा असते प्राणवायूची. १ ग्रॅम बेंझीन पूर्ण जाळायला ३ ग्रॅमच्या वर प्राणवायू लागतो. पाण्यात तो लिटरला फार तर ८ मिलिग्रॅम, म्हणजे अडीच मिलिग्रॅम बेंझीनपुरता. विक्रेत्याला एकच विचारा: "जिवाणू राहू द्या, प्राणवायू किती किलो घालणार आणि कुठून?" उत्तर आले तर पुढे बोला. पेट्रोलमधल्या २० टक्के इथेनॉलने तर हा हिशोब आणखी बिघडवला आहे. जिवाणू आधी इथेनॉलवर तुटून पडतात, प्राणवायू तिथेच संपतो आणि बेंझीन न खाल्लेले पुढे जाते.

या पाण्यावर लसूण आणि जनावरे जगवता येतील का? (शेतकरी, राऊ)

जनावरांना देऊ नका. लसूण-कांद्यालाही नको, जो भाग खायचा तोच त्या मातीत वाढतो. डिझेल असेल तर मातीचे कण तेलकट होऊन पाणी धरत नाहीत आणि वाफा वर्षभर रुसतो.

तक्रार कुठे करायची?

मध्य प्रदेश प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या इंदूर कार्यालयात आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी, पोच घेऊन. टाकीच्या सुरक्षिततेचा विषय पेसो, म्हणजे स्फोटक विभागाकडे. १९७४ च्या जल कायद्यातले पाणी दूषित करण्यास मनाई करणारे कलम २४ विहिरीलाही लागू आहे. भरपाई आणि पुनर्स्थापनेसाठी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे मध्य क्षेत्र पीठ भोपाळला आहे. भरपाईसाठी मुदत ५ वर्षे, पण इतर पर्यावरण वादांना ६ महिनेच. म्हणून पहिला नमुना नीट आणि लवकर घ्यावा.

स्वच्छ झाले हे कधी म्हणायचे?

यंत्रणा बंद केल्यावर. चालू असताना आकडे नेहमीच चांगले दिसतात, कारण पंप भेगांतले पाणी ओढतो. खडकाच्या बारीक छिद्रांत मुरलेले बेंझीन सावकाश बाहेर झिरपत राहते. पंप थांबवा आणि पुढे निदान दोन वर्षे जानेवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर असे नमुने घ्या. केंद्रीय भूजल मंडळही याच चार महिन्यांत पातळ्या मोजते, म्हणजे तुलनेला त्यांचे आकडे मिळतील. बेंझीनबरोबर विरघळलेला प्राणवायू, नायट्रेट, सल्फेट आणि लोहही मोजा. बेंझीन उतरले पण प्राणवायू परतला नाही, तर खाली अजून काहीतरी कुजते आहे.

दोन्ही मे आणि दोन्ही नोव्हेंबर मर्यादेखाली गेले की निरीक्षण नळ्या तशाच सोडून देऊ नका. बारीक पाइप तळापर्यंत सोडून सिमेंट-बेंटोनाइटचा गारा खालून वर भरत आणा. वरून ओतलेला गारा मध्येच अडकतो आणि खाली पोकळी राहते.